पेटीबाबानं ऐकलेला तास

आता जे सांगतो ते तुमच्यातला एकही माणूस खरं मानणार नाही. मानू नका, माझं काही बिघडत नाही. मी देवसिंग राठोड. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो आणि यवतमाळ ते घाटंजी या रस्त्यावर जेवढ्या थापा ऐकल्या, त्याहून दोन जास्तच सांगितल्या. पण ही थाप नाही. लाईट गेली आहे. जयाबाईंचा पडद्यावरचा कार्यक्रम लाईटशिवाय होत नाही. तुम्ही केंद्रातले तीस-पस्तीस मास्तर-मास्तरणी शिक्षण परिषदेला म्हणून आमच्या तांड्यावर आलात आणि रुमालानं वारा घेत बसलात. तेव्हा लाईट येईस्तोवर ऐका.

मागच्या श्रावणातली गोष्ट. याच शाळेच्या पटांगणात एवढी माणसं जमली होती की लिंबावरच्या कावळ्यांना खाली उतरायला जागा उरली नव्हती. दोन दिवस बिचारे वरच उपाशी. घाटंजीचा बाजार त्या दिवशी ओस पडला. कळंबहून चिंतामणीचं दर्शन घेऊन घरी निघालेली एक जीप मध्येच इकडे वळली. का, तर म्हणे पेटीबाबा आलाय.

मधोमध खुर्ची. खुर्चीवर लाल कापड. कापडावर काळी लोखंडी पेटी, घरातल्या पिठाच्या डब्याएवढी. पेटीला समोर एक निळा दिवा. दिवा लागला की लोक हात जोडायचे. दिवा विझला की आणखी जोरात जोडायचे. बायकांनी हळदकुंकू वाहून वाहून पेटीची पुढची बाजू अशी करून टाकली होती की निळा दिवा हिरवा दिसायला लागला.

पेटीमागे वामनराव. अंगात कोट, कपाळाला गंध, कानात वायर. ज्याला देव पाहिजे त्याला देव, ज्याला सायन्स पाहिजे त्याला सायन्स, दोन्ही एकाच माणसात.

"बंधू-भगिनींनो!" वामनराव म्हणाले. "या यंत्राला डोळा नाही. डोळा फसतो! याला फक्त कान आहे. वर्गात ठेवा आणि बाजूला व्हा. चाळीस मिनिटांत मास्तरची कुंडली बाहेर! हे एआय आहे, एआय! परदेशात याला आत्ता शोध म्हणतात, आपल्या ऋषींनी याला दिव्यश्रवण म्हटलं होतं. आत अडीच लाख आदर्श शिक्षकांची बुद्धी भरली आहे!"

आमचा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, पुढेच बसला होता. त्यानं विचारलं, "एवढी बुद्धी भरली, मंग पेटी गरम कशी नाही होत जी?"

"आत साधनेचा थंडावा आहे," वामनराव म्हणाले.

नायकानं मान डोलावली. मीही डोलावली.

"आणि याले आमची भाषा समजते का? आम्ही बंजारे घरात गोरबोली बोलतो. मराठी शाळेत अन् बाजारात."

"मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत, गोंडी, कोलामी, गोरबोली!" वामनरावांनी बोटं संपेपर्यंत मोजलं. "चिमणी काय बोलते तेही यंत्राला कळतं. फक्त ते सांगायची परवानगी नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिमणीवर आमचा आधीपासून संशय होताच.

आता तुम्ही म्हणाल, देवसिंग, लोक एवढे भुलले कशाला? अहो, पेटी खरं बोलत होती! शेजारच्या एका गावी पेटीनं सांगितलं, इथले गुरुजी साडेअकराला फोनवर बोलायला झाडाखाली जातात. जातच होते! दुसऱ्या गावी सांगितलं, बाई फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावर गोट्या चालतात. चालतच होत्या! गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट पेटीच्या तोंडून आली की लोकांचे डोळे पाणावायचे. मग बोकड हरवलेले लोक आले, लग्न अडलेले आले. एका बाईनं विचारलं, माझी सून माझ्यामागे काय बोलते? पेटी म्हणाली, "संवादात सुधारणेस वाव आहे." बाई ढसाढसा रडली. म्हणाली, अक्षर अन् अक्षर खरं.

आता जयाबाईंकडे येतो. तुम्ही त्यांचंच ऐकायला आलात, पण त्या स्वतःबद्दल सांगताना अर्धं गाळतात, म्हणून मी सांगतो.

जया आडे, पहिली-दुसरीच्या बाई. स्वतः तांड्यातल्याच, पण दुसऱ्या तांड्यातल्या. पहिलीतलं पोरगं घरून गोरबोली घेऊन येतं. त्याला पहिल्या दिवशी मराठीत दटावलं की ते वर्षभर खिडकीबाहेर बघत बसतं. बाई त्याच्याशी आधी गोरबोलीत बोलायच्या, मग हळूहळू बोट धरून मराठीत आणायच्या. आणि त्यांची एक सवय होती. आपलाच तास आपल्याच फोनमध्ये टेप करायच्या. शाळा सुटल्यावर ते फोनमधल्या एआयला ऐकवायचं, त्यानं लिहून काढायचं, मग त्याला विचारायचं: मी प्रश्न किती विचारले? कोणती पोरं बोलली? कोणती नाही?

मी एकदा खिडकीत उभा राहून म्हटलं, "बाई, फोन आता तुमचा इन्स्पेक्टर झाला का?"

"नाही आबा, कारकून आहे," बाई हसून म्हणाल्या. "आणि फार चुका करणारा कारकून. गोरबोलीचं तर असं लिहितो की वाचून बैल हसेल. ते मी हातानं दुरुस्त करते. काल म्हणाला, तुमच्या वर्गात गोंधळ होतो. गोंधळ कसला? पोरं चिंचोके मोजत होती. ते मी सोडून दिलं."

"मंग ठेवता कायले असा कारकून?"

"एक गोष्ट त्यानं बरोबर सांगितली. म्हणाला, तुम्ही प्रश्न विचारता आणि एका सेकंदात उत्तरही तुम्हीच देता. मला पटलं नाही. घड्याळ घेऊन बसले, टेप पुन्हा ऐकली. खरंच होतं हो! पोरांनी तोंड उघडायच्या आत माझं तोंड उघडलेलं."

त्या दिवसापासून बाई प्रश्न विचारून पाठीमागे हाताची पाच बोटं एकेक करून मिटायच्या. पाचवं मिटेस्तोवर बोलायचं नाही. वर्गात राखी नावाची पोर होती, आमच्या रामीबाईची नात. रामीबाई म्हणजे शाळेत खिचडी शिजवते ती. ही राखी पहिलीत आल्यापासून वर्गात एक शब्द बोललेली नव्हती. लोक तिला मुकीच समजत. बाईंनी बोटं मिटायला लागल्यावर पाचव्या दिवशी, चार आणि तीन किती या प्रश्नाला, पाचवं बोट मिटता मिटता राखी म्हणाली, "सात."

सबंध वर्ग मागे वळून बघायला लागला. बाईंनी टेपचा तेवढा तुकडा रामीबाईला चुलीपाशी नेऊन ऐकवला. रामीबाईची खिचडी त्या दिवशी खाली लागली.

राखीला गर्दी सोसत नसे. म्हणून बाईंनी वर्गातल्या लाकडी कपाटाची खालची फळी काढली, आत सतरंजी टाकली, गोष्टींची पुस्तकं ठेवली. राखी त्यात शिरून बसायची, चित्रं बघायची, मनात आलं की बाहेर यायची. एवढंच. हे ध्यानात ठेवा, कारण यावरच सगळं पेटलं.

तर पटांगणात पेटी. आदल्या दिवशी ती जयाबाईंच्या वर्गात चाळीस मिनिटं ठेवली होती. आता निकाल. वामनरावांनी कानातल्या वायरीला बोट लावलं, निळा दिवा लागला आणि पेटीतून आवाज आला. बाईचाही नाही, पुरुषाचाही नाही, नाकात बसलेला आवाज.

"या वर्गात एका लहान मुलीला कपाटात कोंडले जाते. मुलगी भीतीने मुकी झाली आहे. मुलांना मराठी येऊ नये म्हणून शिक्षिका मुद्दाम तांड्याची भाषा बोलते. गुण, शंभरपैकी बारा."

मी चौतीस वर्षं गच्च भरलेल्या गाडीत काढली. माणसं कशी बिथरतात ते मला माहीत आहे. आधी शांतता होते. मग एक बाई "हाय माय" म्हणते. मग सगळे एकदम.

"कपाटात? पोरीले?"

"दाखवा कपाट!"

पंधरा-वीस जण वर्गात घुसले. कपाट होतं. आत सतरंजी होती. आणि आत राखीही होती, कारण बाहेर गर्दी होती. झालं. पुरावाच मिळाला! तिला हाताला धरून बाहेर ओढलं, माणसांच्या मध्ये उभं केलं आणि चारी बाजूंनी विचारायला लागले, "सांग वो बाई, कोंडते का तुले? बोल! भेऊ नको! बोलत काहून नाही?"

सहा वर्षांची पोर. ती काय बोलणार? ती बोलली नाही, हाही पुरावाच झाला.

जयाबाई सांगत होत्या, "अहो, ती स्वतः बसते. तिला सोडा आधी. माझ्याकडे टेप आहे, ऐका—"

"तुमची टेप तुमच्या घरी ठेवा! यंत्र कायले खोटं बोलीन? त्याले का बदली पायजे हाय?"

दुसऱ्या दिवशी बाईंच्या स्कूटीच्या सीटवर शेण होतं. तिसऱ्या दिवशी पहिलीत सहाच पोरं आली. चौथ्या दिवशी एका आईनं शाळेच्या दारात आपलं पोरगं बाईंच्या हातून असं हिसकलं की त्याचं दप्तर बाईंच्याच हातात राहिलं. शाळा व्यवस्थापन समितीनं ठरवलं, येत्या सोमवारी ठराव करायचा: या बाई आमच्या शाळेत नकोत, आणि चौकशी लावा. तुम्ही मास्तर आहात, पोरीला कोंडल्याची चौकशी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. नोकरी राहिली तरी नाव राहत नाही.

सोमवारी केंद्रप्रमुख साहेबही आले. तुमचेच साहेब, आज ते आले नाहीत म्हणून सांगतो, येता येता त्यांनी बूट काढून पेटीला नमस्कार केला होता.

ठराव वाचायच्या आधी बाई उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला, पण आवाज साफ.

"माझी एकच विनंती आहे. यंत्रानं माझा आणखी एक तास ऐकावा. सगळ्यांसमोर. दारं-खिडक्या उघड्या ठेवून. मग जो ठराव करायचा तो करा, मी सही करते."

वामनराव नाही कसे म्हणणार? चारशे लोक फुकटचा चमत्कार बघायला हावरे होऊन बसलेले. त्यांनी पेटी स्वतः उचलून बाईंच्या टेबलावर ठेवली. पटांगणाच्या कडेला त्यांची पांढरी गाडी उभी होती, काळ्या काचांची. "यंत्राचा रथ" म्हणायचे ते तिला. आत त्यांचा एक चष्मेवाला जोडीदार बसून असायचा.

पोरं सहा. खिडक्यांत माणसंच माणसं. बाईंनी पोरांकडे बघून गोड हसून तास सुरू केला, सगळा गोरबोलीत. पहिलंच वाक्य असं:

"ये पेटीमा कांयी छेनी."

म्हणजे, या पेटीत काही नाही. खिडकीतला नायक दचकला. बाईंनी पोरांना विचारलं, काय आहे पेटीत? सहाही पोरं एका सुरात ओरडली, "कांयी छेनी!"

वामनरावांनी साहेबांच्या कानाशी वाकून म्हटलं, "सामूहिक पठण. चांगलं आहे, पण भीतीपोटी."

बाई बेरीज शिकवायला लागल्या. गोरबोलीत. खुर्चीवर एक लबाड बसला आहे, गाडीत एक लबाड बसला आहे, मिळून लबाड किती? पोरं म्हणाली, दोन. त्या दोघांना हात जोडणारे शहाणे बाहेर किती उभे आहेत? एका पोरानं खिडकीतून मोजायला सुरुवात केली आणि स्वतःच्या बापाशी अडखळलं. बाई म्हणाल्या, मोज मोज, बापालाही मोज. या कोटवाल्या काकांना आपलं एक अक्षर कळत नाही, बघा कसे मान डोलावतात.

वामनराव मान डोलावत होते.

बाहेर तांड्यातल्या बायांनी तोंडात पदर कोंबले होते. एक म्हातारा हसता हसता ओट्यावरून खाली पडला आणि खाली पडून हसायला लागला. घाटंजी-कळंबहून आलेल्यांना काही कळेना. त्यांना वाटलं दैवी लहर आली. त्यातले दोघं-तिघं घुमायलाही लागले.

तास संपला. निळा दिवा लागला. नाकातला आवाज आला.

"शिक्षिकेने बेरजेचा पाठ घेतला. पाहुण्यांचा आदरपूर्वक उल्लेख केला. मुलांनी यंत्राचे आभार मानले. वर्गात भीतीचे वातावरण कायम आहे. गुण, शंभरपैकी बारा."

असं हसू मी जन्मात ऐकलं नाही. शाळेची चार कौलं सरकली. खोटं वाटत असेल तर वर बघा, तिथं पत्रा घातलाय.

साहेब गोंधळले. "काय झालं? काय झालं?"

तेव्हा नायक आत आला. एका आठवड्यापूर्वी याच माणसानं पेटीला नारळ फोडला होता. तोंड लाल झालेलं. म्हणाला, "साहेब, बाई काय बोलली ते मी सांगतो मराठीत." आणि त्यानं एकेक वाक्य सांगितलं. लबाड दोन, हेही. हात जोडणारे शहाणे, हेही. त्या मोजणीत आपण स्वतः होतो, हेही त्यानं गाळलं नाही. तेवढं मानतो मी त्याला.

बाईंनी विचारलं, "वामनराव, यंत्राला गोरबोली येते ना? मग मी बोललेलं एक वाक्य त्याला पुन्हा म्हणायला सांगा. एकच. कोणतंही."

वामनरावांच्या कपाळावरचं गंध घामानं नाकावर आलं. "यंत्र... यंत्र शब्द ऐकत नाही. भाव ऐकतं!"

"माह्या भाव काय हाय आता, सांगते का थे?" नायकानं विचारलं.

घाटंजीचा तारिक मागे उभा होता, मोबाईल दुरुस्तीवाला. तो खिशात हात घालून पुढे आला. "आबा, जरा बाजूला होजा. पेचकस माझ्याकडं हाय."

"पवित्र यंत्र उघडलं तर स्फोट होईल!" वामनराव ओरडले.

पुढची रांग एकदम तिसरी झाली. तारिक हलला नाही. म्हणाला, "चाचा, मी रोज दहा फुगलेल्या बॅटऱ्या उघडतो. एखादं बोट गेलं तर जाऊ द्या." चार स्क्रू काढले. झाकण उचललं. आतून एक काढलं, दोन काढलं, तीन काढलं, टेबलावर मांडलं.

लग्नात वाजवतात तसला बिनवायरीचा छोटा स्पीकर. निळ्या दिव्याची बॅटरी. आणि पेटीला वजन यावं म्हणून अर्धी वीट.

"अडीच लाख मास्तर!" तारिक वीट उचलून म्हणाला. "फार दाबून भरले हो!"

तेवढ्यात पटांगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. रथ निघाला. वामनरावांना मागे टाकून गाडीतला चष्मेवाला पळाला, तो घाटंजी पार करूनच थांबला असेल. पेटीतला आवाज त्याचाच. गाडीत बसून बोलायचा, इथं स्पीकरमधून निघायचा. त्या पेटीत ऐकायला काहीच नव्हतं; तिला फक्त तोंड होतं, कान नव्हता.

मग आम्ही तांड्याच्या लोकांनी वामनरावांचा सत्कार केला. आधी पेटी दोरीनं गळ्यात बांधली, विटेसकट. मग एकेक जण पुढे येऊन विचारायला लागला. "पेटीबाबा, तुह्या मालकाले आता किती चपला पडतीन?" पेटी गप्प. "शंभरपैकी बारा!" कोणीतरी ओरडलं, आणि बारा मोजून मारल्या. ज्या बायांनी हळदकुंकू वाहिलं होतं त्यांनी तेच त्याच्या तोंडाला फासलं. गेल्या आठवड्यात ज्यांच्या हातात शेण होतं, ते आज दगड शोधत होते. त्या दोघांत फार फरक आहे असं समजू नका.

"कपाटात कोंडा याले!" कोणीतरी म्हणालं.

कोंडला. तो जाडजूड माणूस राखीच्या त्या एवढ्याशा जागेत गुडघे तोंडात घालून बसला. पण दार काही बंद राहीना. ढकललं की उघडायचं. चार बाप्ये दाराला टेकून उभे राहिले, तेव्हा कुठे बंद राहिलं. आतून तो रडत होता आणि बाहेर आम्ही त्याला गुण देत होतो.

जयाबाई पुढे आल्या. "बाहेर काढा त्यांना."

"काहून बाई? यानं तुमचं नाव घाण केलं!"

"त्यांनी सांगितलं. मानलं तुम्ही. आठवडाभर हे कपाट इथंच आहे. तुमच्यापैकी एकानं तरी त्याचं दार लावून बघितलं का? या दाराला कडीच नाही. फळी काढली त्याच दिवशी मी कडीही काढून टाकली."

चौघं दारापासून बाजूला झाले. दार आपोआप उघडलं. खरंच, कडीच्या जागी चार भोकं होती फक्त.

कोणी माफी मागितली का? नाही. आमच्याकडे माफी मागत नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत पाठवतात. ठराव फाडला. बाई राहिल्या. आज तुम्ही त्यांच्याकडून तास कसा टेप करायचा, एआयला काय विचारायचं आणि त्याचं काय मानायचं नाही, हे शिकायला आलात. पण राखीला गर्दीनं कपाटातून ओढलं, त्या दिवसापासून ती वर्गात पुन्हा बोललेली नाही. कपाटातही बसत नाही. बाई अजून प्रश्न विचारतात आणि पाठीमागे बोटं मिटतात. आता दोन्ही हातांची मिटतात.

"पण आजोबा," तुमच्यातल्या या चष्मेवाल्या बाई मघापासून विचारू बघतात, "पेटीत वीट होती, तर त्या लोकांना कपाटाचं कळलं कसं? शेजारच्या गुरुजींच्या फोनचं कळलं कसं?"

हां. हेच तर इंगित. चपला पडत असताना वामनरावानं सगळं ओकलं. गाडीतला तो चष्मेवाला आठ दिवस आधी गावात यायचा. चहाच्या टपरीवर बसायचा, एखादा बोलका म्हातारा हेरायचा, त्याला चहा पाजायचा, भजी खिलवायचा आणि शाळेचं विचारायचं सोडून बाकी सगळं विचारायचा. म्हातारा आपोआप शाळेवर यायचा. त्याची वही वामनरावाच्या कोटाच्या खिशात निघाली, ती आम्ही वाचली. आमच्या तांड्याच्या पानावर लिहिलेलं होतं, "म्हातारा, बोलका. मुलगी, कपाट, बाई कोंडते." नाव नव्हतं.

"मग तो म्हातारा कोण?"

आता काय सांगू बाई. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. राखीचाच आजा, लालसिंग. स्वभावानं वाईट नव्हता, पण जीभ ताब्यात नव्हती. नात कपाटात बसते एवढंच त्याला माहीत होतं. भज्यांच्या भरात 'बसते'चं 'कोंडते' करून टाकलं असेल. ऐकणारा लक्ष देऊन ऐकत असला की माणूस वाहवत जातो. आता तो नाही, तेव्हा जाऊ द्या.

सांगायचं ते एवढंच, मास्तर लोकहो. पेटी असो, फोन असो, कोटवाला असो की गंधवाला असो, तो तुमच्याबद्दल काही सांगायला लागला की आधी त्याला विचारा: तुला कसं कळलं? तू स्वतः ऐकलंस? दाखव. जयाबाईंचा फोन म्हणाला, तुम्ही एकच सेकंद थांबता. बाई घड्याळ घेऊन बसल्या, मोजलं, खरं निघालं, मगच मानलं. गोंधळ होतो म्हणाला; बाईंनी तपासलं, खोटं निघालं, टाकून दिलं. हात जोडून कोणाचंच ऐकायचं नाही. एवढं एक जरी केलं तरी—

"खोटं."

कोण? रामीबाई? तू इथं कधी येऊन उभी राहिलीस? खिचडी झाली का?

"खिचडी गेली चुलीत. माह्या मानसाले माघात जाळलं, देवसिंग. पेटी आली श्रावणात. मेलेला मानूस टपरीवर बसून भजे खाते का?"

अगं, माघ की श्रावण, माझ्या ध्यानात—

"भजे तू खाल्ले. मी काडीपेटी घ्याले आलती टपरीवर, तुह्या पाठीमागं उभी होती. 'बाई कोंडते पोरीले, आतून रडते थे' असं तू बोलला, अन् थो चष्मेवाला लिहून राह्यला होता. मी बाईले ठरावाच्या आधीच सांगतलं. बाई म्हने, म्हाताऱ्या मानसाले तांड्यात तोंड दाखवाले जागा राहू द्या. म्हणून गप होती मी. एवढे दिवस गप होती. आता माह्या मेलेल्या मानसावर ढकलतं?"

रामीबाई, पाहुण्यांसमोर—

"पाहुण्यासमोरच. आत्ता यायले काय शिकवून राह्यला होता तू? विचारा म्हने, तुले कसं कळलं. मंग मी इचारते तुले, यायच्यासमोर. माही राखी कोंडलेली तू कवा पाह्यली होती?"